पान कापल्यानंतरचा पहिला अर्धा तास

सजावटीत लोकांची नजर आधी फुलांवर जाते, माझी पानांवर. कोमेजलेलं एखादं फूल उपसून दुसरं खोचता येतं. पानांनी मान टाकली की मात्र सगळी रचना उतरलेली दिसते, आणि ती पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते.

कापलेलं पान पाणी बाहेर टाकायचं थांबत नाही. रंध्रांतून वाफ जातच राहते, मुळांकडून मात्र काही येत नाही. म्हणून मी पाण्याची बादली बरोबर घेऊनच पानं कापायला जाते, तीही सकाळी, ऊन चढायच्या आत. तेव्हा पान रात्रभरात पाणी पिऊन ताठ झालेलं असतं. दुपारचं पान आधीच तहानलेलं असतं, त्याला कितीही जपा, ते लवकर दमतं.

कोवळ्या पोपटी पानाचा मोह फार होतो. घेऊ नका. त्याच्यावरचा मेणचट थर अजून तयार झालेला नसतो, त्यामुळे ते बघता बघता लोंबतं. नेच्याचं पान मी देठाला धरून आडवं करून बघते. टोक खाली झुकलं, तर तसलं पान अजून चार दिवस झाडावरच बरं.

सिकेटरला, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीला, धार हवीच. बोथट कात्रीने देठ चेमटतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या दबतात. टणक फांद्यांचे देठ हातोडीने ठेचावेत असं मलाही शिकवलं होतं, आणि मी बरेच दिवस ठेचतही होते. फुलदाणीतलं पाणी दुसऱ्याच दिवशी गढूळ व्हायचं, कारण ठेचलेल्या भागात जिवाणू भराभर वाढतात. आता फक्त तिरका, स्वच्छ काप देते. तिरका अशासाठी, की देठ तळाला टेकून बंद होऊ नये.

घरी आल्यावर देठाचं टोक पाण्यात बुडवूनच 2–3 सेंटिमीटर पुन्हा कापा. हवेत कापलं की नळीत हवेचा बुडबुडा अडकतो, आणि पाणी असूनही पान तहानलेलं राहतं. पाण्यात बुडणारी खालची पानं काढून टाका, मग बादली तीन-चार तास गार, अंधाऱ्या कोपऱ्यात राहू द्या. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉनसारखी मोठी गुळगुळीत पानं मी अख्खीच अर्धा तास पाण्यात बुडवते आणि नंतर निथळून घेते. डस्टी मिलरसारखी लवदार, राखाडी पानं मात्र कधीच बुडवायची नाहीत. त्यांची लव चिकटते आणि डाग पडल्यासारखं दिसतं.

चीक येणारी फांदी असेल, उदाहरणार्थ रबराच्या झाडाची, तर कापलेलं टोक दहा-पंधरा सेकंद उकळत्या पाण्यात धरा. चीक थांबतो. पानांना वाफ लागू देऊ नका.

पाण्यात साखर घालू नका. फुलाला उमलताना तिची मदत होते. नुसत्या पानांच्या पाण्यात ती जिवाणूंच्याच पोटात जाते. एक लिटरला ब्लीचचे दोन-तीन थेंब पुरतात. एक दिवसाआड पाणी बदला आणि फुलदाणी आतून घासून घ्या, बुळबुळीत थर राहता कामा नये.

फ्रिजच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली. नेच्याबरोबर कॉर्डिलिनची लालभडक पानंही रात्रभर आत ठेवली. सकाळी नेचा टवटवीत आणि कॉर्डिलिनवर काळपट चट्टे. लेदरलीफ नेच्याला 2–4 अंश मानवतं. कॉर्डिलिन, ड्रासिना, अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली पानं 10–13 अंशांच्या खाली करपतात. ती सगळी पानं फेकावी लागली, याचं अजून वाईट वाटतं. फ्रिजमध्ये पिकलेली फळं असतील, तर कुठलीच पानं आत ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने काही पानं पिवळी पडतात, काही गळतात.

मान टाकलेलं पान लगेच टाकून देऊ नका. टोक पुन्हा कापा, देठ कोमट पाण्यात ठेवा आणि पानावर प्लास्टिकची पिशवी सैलसर चढवा, म्हणजे वाफ आतच राहील. दोन तासांनी बघा. पातं ताठ झालं असेल तर पिशवी काढा. अजून लोळत असेल तर देठ आखूड करून उथळ भांड्यात लावा, पाण्याला तेवढी कमी चढण राहील.