ईबी-५ अर्ज प्रलंबित असताना लग्न करताय? या चुका टाळा

पैसे आईवडिलांनी बक्षीस म्हणून दिलेले, अर्जदार अमेरिकेत शिकणारा मुलगा. ईबी-५ म्हणजे गुंतवणुकीतून मिळणाऱ्या अमेरिकी ग्रीन कार्डाच्या निकालाची वाट पाहता पाहता त्याचं लग्न ठरतं आणि घरात घबराट उडते: आता आय-५२६ई ही मूळ याचिका नव्याने भरायची का? नाही. ती याचिका गुंतवणूकदाराची असते. मधल्या काळात लग्न झालं म्हणून ती बदलावी लागत नाही, की पत्नीसाठी आणखी ८ लाख डॉलर गुंतवावे लागत नाहीत.

खरी चूक तारखेची होते. लग्न याचिकेच्या आधी झालं की नंतर, हा प्रश्नच नाही. मुलगा कायम रहिवासी (ग्रीन कार्डधारक) होण्याआधी ते झालं पाहिजे. व्हिसा हातात आला म्हणून आधी अमेरिकेत प्रवेश केला आणि मग मुहूर्त धरला, तर पत्नीला ईबी-५ मधून जाता येत नाही. तिच्यासाठी आय-१३० ही नातेवाइकासाठीची याचिका भरून एफ२ए या कौटुंबिक गटाच्या रांगेत थांबावं लागतं. मुहूर्त महिनाभर अलीकडे घेता येत असेल, तर जरूर घ्या.

लग्नानंतर गप्प बसू नका. प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे (परदेशातून व्हिसा घेणाऱ्यांची प्रकरणं हाताळणारं अमेरिकी कार्यालय) असेल तर त्यांना कळवून पत्नीचं नाव जोडून घ्या. तिचा डीएस-२६० हा व्हिसा अर्ज आणि शुल्क वेगळं. ती अमेरिकेतच वैध व्हिसावर असेल आणि व्हिसा क्रमांक उपलब्ध असेल (म्हणजे रांगेत पाळी आली असेल), तर तिचा स्वतंत्र आय-४८५, म्हणजे अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डासाठी करायचा अर्ज, लागतो. मुलाचं ग्रीन कार्ड अमेरिकेत झालं आणि पत्नी भारतात असेल, तर तिच्या व्हिसासाठी मुलाने आय-८२४ हा अर्ज भरायचा.

कागदपत्रांत आपल्याकडचे लोक हमखास अडकतात. पत्रिका, फोटो, हॉलची पावती यांवर भागत नाही. विवाह निबंधकाचं प्रमाणपत्र हवं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस आधीच हिशेबात धरा. लग्नात मुलीचं नाव बदललं असेल तर पासपोर्ट आणि डीएस-२६० वर एकच नाव ठेवा, माहेरचं नाव ‘इतर नावे’ या रकान्यात लिहा. आधीचा घटस्फोट असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा जोडा.

एक फायदा मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. ग्रीन कार्डाचा देशनिहाय कोटा नागरिकत्वावर नाही, जन्मस्थळावर ठरतो. पत्नीचा जन्म दुबईत किंवा कुवेतमध्ये झाला असेल, तर दोघांनाही तिच्या जन्मदेशाच्या कोट्यातून जाता येतं. अनारक्षित गटात (ग्रामीण भागासारख्या राखीव प्रकल्पांबाहेरच्या गुंतवणुकीत) भारताची रांग लांब असताना ही सवलत फार मोलाची आहे. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

अर्ज वडिलांच्या नावाने असेल आणि मुलगा त्यांच्यावर अवलंबित म्हणून जोडलेला असेल, तर मात्र सगळं उलटं होतं. लग्न होताच तो अपात्र ठरतो, वय २१ च्या आत असलं तरी. अशा घरात मुलगा कायम रहिवासी होईपर्यंत नोंदणी करू नका, लग्नविधीही करू नका.