हवेतला काळा कार्बन: एथॅलोमीटर आणि फिल्टरचे आकडे जुळवताना

काळा कार्बन म्हणजे धुरातली काजळी. ती आधी कशासाठी मोजायची ते ठरवा. ऊसाचं पाचट, गुऱ्हाळं, वीटभट्ट्या यांचा धूर किती वाजता वाढतो हे पाहायचं असेल तर एथॅलोमीटर लावा. पीएम 2.5 च्या (2.5 मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांच्या) वजनात कार्बनचा वाटा किती हे हवं असेल, तर क्वार्ट्ज फिल्टर आणि थर्मल-ऑप्टिकल विश्लेषण. एथॅलोमीटर फिल्टरच्या टेपवर कणांचा जमलेला डाग किती प्रकाश शोषतो ते पाहून ‘ब्लॅक कार्बन’ काढतो. थर्मल पद्धत काय किती तापमानाला उडतं यावरून सेंद्रिय कार्बन (ओसी) आणि एलिमेंटल कार्बन (ईसी, म्हणजे काजळीतला कार्बन) वेगळे करते. दोन्ही आकडे तंतोतंत जुळावेत ही अपेक्षाच चुकीची.

क्वार्ट्ज फिल्टर 550 अंशांवर किमान 6 तास भाजा आणि भाजलेल्याच अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. सॅम्पलिंग झालं की उणे 20 अंशांवर ठेवा. कोऱ्या फिल्टरचा ब्लँक (वजा करण्यासाठीचा आकडा) प्रत्येक फेरीत हवाच; क्वार्ट्ज हवेतली सेंद्रिय वाफ ओढून घेतो आणि ओसी फुगवतो. 16.7 लिटर प्रति मिनिट फ्लोवर 24 तासांत सुमारे 24 घनमीटर हवा जाते. आपल्याकडे वीज जाते, म्हणून घड्याळावर विसंबू नका, सॅम्पलरवरचं एकूण घनफळ लिहून घ्या. जनरेटर लावलात तर तो वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शक्य तितका लांब ठेवा. त्याचाच धूर इनलेटमध्ये शिरला तर दिवस वाया.

हिशोब साधा आहे. पंचमध्ये (विश्लेषणासाठी फिल्टरमधून कापलेल्या तुकड्यात) ईसी 6 मायक्रोग्रॅम प्रति चौसेंमी निघाला, डागाचं क्षेत्रफळ 12 चौसेंमी आणि हवा 24 घनमीटर असेल, तर 6 × 12 ÷ 24 = 3 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. क्षेत्रफळ आपल्या फिल्टर होल्डरवर पट्टी लावून मोजा. पुस्तकातला आकडा उचलला तर तीच टक्केवारी सगळ्या निकालात चुकते.

खरी गोची प्रोटोकॉलची, म्हणजे फिल्टर कोणत्या टप्प्यांत किती तापवायचा या ठरलेल्या पद्धतीची. हेलियममध्ये तापवताना काही ओसी करपून कोळसा होतो; तो ईसीत मोजला जाऊ नये म्हणून लेझरने फिल्टरचा काळेपणा पाहत राहावं लागतं. ऑक्सिजन सोडल्यावर लेझर मूळ पातळीवर आला की तिथे ओसी संपतो, ईसी सुरू. प्रचलित प्रोटोकॉल तीन: हेलियमचा टप्पा इम्प्रूव्ह-एमध्ये 580, युसार-2मध्ये 650, तर निऑश-870मध्ये 870 अंशांपर्यंत जातो. इम्प्रूव्ह-ए रिफ्लेक्टन्सने (फिल्टरवरून परतलेल्या लेझरच्या प्रकाशाने) विभागणी करते आणि ईसी साधारणपणे जास्त दाखवते. एकूण कार्बन मात्र तिन्हींत जवळपास सारखा यायला हवा. तो जुळत नसेल तर प्रोटोकॉलला दोष देण्याआधी सुक्रोजच्या द्रावणाने कॅलिब्रेशन तपासा.

ओसी-ईसी विभागणीचा बिंदू प्रत्येक आलेखावर डोळ्यांनी पाहा. जालन्यासारख्या रोलिंग मिलच्या शहरात धुळीतला लोह ऑक्साइड हेलियममध्येच ऑक्सिजन पुरवतो, ईसी लवकर जळतो आणि लेझर आधीच मूळ पातळी गाठतो. विश्लेषणानंतर पंच तांबूस राहिला तर हीच शंका घ्या. उन्हाळ्यात शेतातली धूळ उडते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्यांतला कार्बोनेट उष्ण टप्प्यात कार्बन डायऑक्साइड सोडतो. पीएम 2.5 मध्ये तो थोडा, पीएम 10 मध्ये बराच. संशय असेल तर एक पंच हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत ठेवून, मग हवेत सुकवून पुन्हा चालवा.

एथॅलोमीटरमध्ये ब्लॅक कार्बन 880 नॅनोमीटरवरून, 7.77 चौमीटर प्रति ग्रॅम हा गुणांक (एक ग्रॅम काळा कार्बन किती प्रकाश शोषतो तो आकडा) धरून काढतात. टेपचा प्रकार बदलला की सेटिंगमधला सुधार-गुणांकही बदला. हे हमखास राहून जातं. जुन्या, एकाच डागाच्या यंत्रात डाग काळवंडत जाताना आकडा खाली सरकतो आणि टेप पुढे गेली की एकदम उडी मारतो. 370 नॅनोमीटरला शोषण 880 पेक्षा खूपच जास्त असेल तर पाचट किंवा चुलीतल्या पऱ्हाट्यांचा धूर असू शकतो, पण मे महिन्यात लोहमिश्रित धूळही तेच सोंग आणते.

तुलनेसाठी दोन्ही यंत्रांचे इनलेट एकाच उंचीवर आणि पीएम 2.5 पर्यंतचेच कण आत घेणारे ठेवा. फिल्टरच्या नेमक्या वेळेची एथॅलोमीटरची सरासरी घ्या आणि ईसीसमोर आलेखावर मांडा. चूक दोन्ही अक्षांवर असते, म्हणून दोन्ही अक्षांवरची चूक धरून रेषा बसवणारं डेमिंग रिग्रेशन वापरा. ईसी 3, ब्लॅक कार्बन 4.2 असं सातत्याने येत असेल तर गुणोत्तर 1.4, म्हणजे तुमच्या जागेचा परिणामी गुणांक 7.77 × 1.4, साधारण 10.9 चौमीटर प्रति ग्रॅम. हे गुणोत्तर ऊस गाळपाच्या हंगामात काढलं असेल तर उन्हाळ्यासाठी वेगळं काढा, आणि प्रत्येक ईसी आकड्याशेजारी प्रोटोकॉलचं नाव लिहा.