नर्सिंगचा प्रबंध: शेवटी दुरुस्त न होणाऱ्या चुका

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात जुने प्रबंध चाळले की एक साचा पुन्हा पुन्हा भेटतो: ‘अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’. ६० माणसं, आधी ३० प्रश्न, मग फ्लॅश कार्ड घेऊन तासभर शिकवणं, सातव्या दिवशी तेच ३० प्रश्न. गुण वाढतात, पेअर्ड टी-चाचणीत (त्याच माणसांचे आधीचे आणि नंतरचे गुण ताडणारी चाचणी) पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता, ०.००१ च्या खाली जातं, गाईड सही करतात.

गुण न वाढून जातात कुठे? ज्या प्रश्नांची उत्तरं शिकवली तेच प्रश्न आठवड्याने विचारले. पहिल्याच वेळी पेपर सोडवल्यामुळे माणूस सावध झाला, घरी जाऊन चार जणांना विचारून आला. त्यातच पावसाळा असेल आणि विषय लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणाऱ्या तापाचा) असेल, तर मधल्या आठवड्यात आशाताईही घरी येऊन गेल्या असणार. वाढलेल्या गुणांतला तुमच्या शिकवण्याचा वाटा किती, हे या आराखड्यातून कळूच शकत नाही आणि नंतर कितीही मोठं सॉफ्टवेअर वापरलं तरी तो निराळा काढता येत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. शेजारच्या उपकेंद्रातलं तसंच एक गाव तुलनेला घ्या. तिथेही दोन्ही वेळा प्रश्नावली भरून घ्या, फक्त शिकवणं दुसऱ्या फेरीनंतर करा. म्हणजे कुणी वंचितही राहत नाही. दुसरी फेरी सातव्या दिवसाऐवजी दोन-तीन महिन्यांनी घेता आली तर आणखी चांगलं.

माझ्या मते त्याहून मोठी चूक ‘ज्ञान’ मोजण्यातच आहे. लेप्टोच्या जोखमीच्या भागात शेतात राबणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची प्रतिबंधक मात्रा देतात, प्रौढांसाठी सहसा आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. गोळी कशासाठी हे बाईला ठाऊक असतं, पण ती गोळी पोटात गेली का कोनाड्यात राहिली? उरलेल्या गोळ्या मोजा. वॉर्डातही तेच. हात कधी धुवायचे याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच क्षण स्टाफ नर्सला तोंडपाठ असतात. सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद आणि साबणाने ४० ते ६० सेकंद, हेही ती लिहून देईल. रात्रपाळीत एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना प्रत्यक्षात काय होतं, ते उभं राहून पाहावं लागतं. वही घेऊन कुणी उभं आहे म्हटल्यावर सगळेच हात धुतात, म्हणून सुरुवातीच्या काही पाळ्यांची निरीक्षणं गणतीत न धरणं बरं.

प्रश्न खाटेपाशी कसा सापडतो याचं उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रायगडातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण तासन्‌तास जवळून पाहिले. नाडी, रक्तदाब, गार पडलेले हातपाय, छातीत भरणारं पाणी यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार पुढे आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या नोंदींतल्या बऱ्याच गोष्टी सिस्टर रोज चार्टवर लिहितात. तरी विषय निवडताना चार्ट बाजूला राहतो आणि मागच्या बॅचचा सायनॉप्सिस (प्रबंधाचा आधी मंजुरीला देतात तो आराखडा) उघडला जातो.

६० च का?

कारण मागच्या बॅचने ६० घेतले होते. ६० जणांपैकी ३० जणांचा रक्तदाब जास्त निघाला, तर ‘५० टक्के’ लिहून मोकळं होता येत नाही. ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरी टक्केवारी बहुधा जिच्या आत असेल ती पट्टी, साधारण ३७ ते ६३ अशी पसरते. अंदाज पाच टक्के इकडेतिकडे इतका नेमका हवा असेल तर ३८५ माणसं लागतात, दहा टक्के चालणार असतील तर ९७. हे गणित स्टॅटिस्टिशियनकडे सायनॉप्सिसच्या आधी न्यायचं असतं, माहिती गोळा झाल्यावर नाही. आणखी एक घोळ: १५ सिस्टरांची हात धुण्याची २०० निरीक्षणं म्हणजे २०० सिस्टर नव्हेत. एकच सिस्टर त्यात सरासरी तेरा-चौदा वेळा आलेली असते, आणि विश्लेषणात ते धरावं लागतं.

गावात माणूस कधी असतो

कोकणात हे विसरलं की नमुनाच वाकडा होतो. जुलैत लावणी चालू असताना दुपारी दार ठोठावलंत तर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच भेटतील. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी आलेले असतात, तेव्हा घेतलेली गावाची सरासरी मुंबईकरांचीही असते. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरण्यापुढे तुमच्या प्रश्नावलीला कोण विचारतो! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी बंदरात सापडतील हे खरं, पण त्या दिवसांतली त्यांची झोप, खाणं आणि पिणं हंगामातलं नसतं. पाहणी कोणत्या महिन्यात केली ते प्रबंधात स्पष्ट लिहा आणि दुसरी फेरीही त्याच हंगामात बसते का ते बघा. दर फेरीला कोण भेटलं नाही याचीही यादी ठेवा.

टूल

इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी एकाने करावं, ते मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यावं, आणि मग मालवणी बोलणाऱ्या चार आज्यांना वाचून दाखवावं. तज्ज्ञांच्या सह्यांनी हे तिसरं काम होत नाही. बरोबर-चूक प्रकारच्या ज्ञानचाचणीला केआर-२० (चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारं विश्वासार्हतेचं माप) लावतात. पायलटमधल्या, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी-फेरीतल्या, सहा जणांवर काढलेल्या विश्वासार्हतेच्या आकड्यावर मात्र कुणी फार विसंबू नये. ब्रेडन स्केलमध्ये कमी गुण म्हणजे दाबव्रणाचा (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा) धोका जास्त. एक्सेलमध्ये हे उलटं धरलं गेलं तर अख्खा निष्कर्ष उलटतो, आणि चूक सापडते ती व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) टेबलावर.

परवानगी

एथिक्स कमिटीची मान्यता मागाहून मिळत नाही. ‘नुसती प्रश्नावली आहे, मान्यता कशाला’ हे ठरवण्याचा अधिकार संशोधकाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सूट द्यायची की नाही तेही कमिटीच ठरवते. शिवाय जागेची परवानगी वेगळी: जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सक, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. दोन्ही कागद एकाच वेळी फिरवा.

संमतिपत्र मराठीत आहे एवढ्याने भागत नाही. बागेत आणि बोटीवर नेपाळी कामगार असतात, त्यांना ते समजेल अशा भाषेत सांगणारं माणूस हवं. अंगठा घेत असाल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो, आणि तो तुमचा मित्र किंवा मुकादम नसावा. स्वतःच्या विद्यार्थिनींवर अभ्यास करणाऱ्या ट्यूटरने संमती दुसऱ्या कुणाकडून घ्यावी. मॅडमना ‘नाही’ म्हणणारी मुलगी क्वचितच निघते.

आता बिघडलंच असेल तर

दुसऱ्या फेरीला ६० पैकी ११ जण आले नाहीत, तर ते ११ गुपचूप गाळू नका. त्यांचं वय, शिक्षण आणि पहिले गुण उरलेल्यांशी ताडून पाहा आणि तक्त्यात दाखवा. रिकामी उत्तरं शून्य धरू नका. शून्य म्हणजे चुकलेलं उत्तर, रिकामं म्हणजे न दिलेलं. तुलनेचा गट राहून गेला असेल तर शीर्षकातून ‘परिणामकारकता’ काढता येते का ते गाईडना विचारा, आणि मर्यादांमध्ये ते सरळ लिहा. पी-मूल्य ०.०५ च्या वर गेलं म्हणून दहा उपगट पाडून एखादं ‘लागू’ पडणारं शोधत बसू नका. फरक आणि त्याची विश्वासमर्यादा द्या. सायनॉप्सिसमधलं मुख्य उद्दिष्ट होतं तसंच ठेवा, आणि मागाहून सुचलेलं विश्लेषण वेगळ्या मथळ्याखाली, मागाहून सुचलं असं लिहूनच जोडा. बाहेरचे परीक्षक बहुधा तिथेच बोट ठेवतात.