रात्री नऊला नेट रडतं तेव्हा

आमच्या फोंड्यात सकाळी सातला १०० एमबीपीएस सुसाट, आणि रात्री जेवणं आटोपून सगळे मोबाईल घेऊन बसले की व्हिडिओवर ते गोल चक्र. चवथीला तर विचारूच नका, पाहुण्यांनी वाडा भरलेला!

दर वेळी कंपनी मुद्दाम वेगाचा गळा आवळते असं नसतं. फायबरची एक लाइन साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. जीपॉन तंत्रात (एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) त्या सगळ्यांना मिळून सुमारे २.५ जीबीपीएस, म्हणजे २५०० एमबीपीएस. तिथून पुढे इंटरनेटला जोडणारी लाइन कंपनीने कमी क्षमतेची घेतली असेल तर खरी कोंडी तिथे होते.

दोष कुठे आहे ते असं पाहा. वायफाय नको, राउटरपासून कम्प्युटरला थेट लॅन केबल लावा (बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात). सकाळी आणि रात्री, तीन दिवस स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट ठेवा. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. त्यावर आकडा पडलेला आणि दुसऱ्या टेस्टवर चांगला, तर व्हिडिओचा वेग दाबल्याचा किंवा त्या मार्गावर गर्दी असल्याचा संशय घ्या. दिवसभरच रखडतंय? मग प्लॅनची एफयूपी मर्यादा (ठरलेला डेटा संपला की वेग कमी होतो ती) संपली का बघा, 'अनलिमिटेड'लाही ती असते.

तक्रार करताना डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) मागून घ्याच. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. आणि मोठे अपडेट पहाटेवर ढकला.