मॉरिशसमधला गणपती ते नवीन वर्ष : बॅगेत काय भरायचं आणि काय नाही

पहिल्या वर्षी पुण्याहून निघालो तेव्हा तेवीस किलोच्या एका बॅगेत निम्मं सामान निव्वळ सणांचं होतं. मोदकपात्र, आंबेमोहोराची पिठी, गुळाची ढेप, घडीचं थर्माकोलचं मखर, उटणं, पणत्या, आकाशकंदील, वर सासूबाईंनी "असू दे" म्हणत कोंबलेल्या चार पुड्या. त्या पुड्यांत कापूर आणि सुपाऱ्या निघाल्या. आता इथे चौथं वर्ष आहे आणि यादी चतकोर कागदावर मावते. तरी दर जूनमध्ये भारतातून नव्याने येणारं एखादं कुटुंब फोन करून विचारतंच, म्हणून एकदाचं नीट लिहून काढते. आम्ही मधल्या पठारावरच्या कात्र बोर्नला राहतो, नवऱ्याचं ऑफिस एबेनला. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी उकाड्याचा हिशेब आपापला वाढवून घ्यावा.

बॅग उघडण्याआधी कॅलेंडर उघडा. कालनिर्णय जरूर आणा, पण गणपतीची रजा त्यावरून टाकू नका आणि इथल्या सरकारी सुट्टीवर तर मुळीच विसंबू नका. गणेश चतुर्थीची इथे देशभर सुट्टी असते हे ऐकून आम्ही हुरळून गेलो होतो. ती सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, हे कळलं ते ऐन प्रतिष्ठापनेच्या सकाळी, ऑफिसची गाडी दारात उभी राहिल्यावर. २०२४मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, इथली सुट्टी ८ला. २०२५मध्ये २७ आणि २८ ऑगस्ट. दीड दिवसाच्या गणपतीचा हिशेब लावला की उलगडा होतो, कारण सुट्टीच्या दिवशी विसर्जन येतं. तेव्हा बसवायच्या दिवसाची रजा स्वतंत्र मागायची, आणि ती जुलैमध्येच मागायची, कारण ऑफिसातले अर्धे लोक तीच मागत असतात.

आता बॅग. पिठी आणा, कारण तांदळाचं पीठ इथे सगळीकडे मिळत असलं तरी त्याच्या उकडीला चिकटपणा येत नाही आणि पाकळ्या फाटतात. नारळ खवायची विळी आणा, मला इथे मनासारखी मिळाली नाही. ती चेक-इन बॅगेत, पात्याला जाड पुठ्ठा बांधून. उटणं, भाजणी, गोडा मसाला, वाती आणा. नारळ, केळीची पानं, आंब्याचे डहाळे, जास्वंद यांची काळजी नको. जास्वंद तर शेजारच्या कुंपणावरून आपल्या अंगणात डोकावत असते. दुर्वाही मिळतात, फक्त कुठल्या मोकळ्या जागेत वाढतात ते ऑगस्टमध्ये फिरायला जाताना हेरून ठेवायचं. फुलं, फळं, रोपं, बियाणं भारतातून परवान्याशिवाय आणायचं नाही. बेट आहे, कीड आली तर उसापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, म्हणून विमानतळावर याबाबत कुणी सूट देत नाही. सासू-सासरे यायचे असतील तर त्यांच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसह. झोपेच्या आणि जोरकस वेदनाशामक गोळ्यांबाबत तर डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्येच हवी.

गूळ आणू नका. साखरेच्या बेटावर गूळ घेऊन येणं म्हणजे नाशिकला द्राक्षं नेणं. इथे मस्कोवाडो नावाची गडद, ओलसर साखर मिळते. तिला मळीचा वास असतो आणि सारणात ती गुळाची जागा बेमालूम घेते. फक्त पाणी जास्त सोडते. दोन वाट्या खोबऱ्याला पाऊण वाटीच घाला आणि नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त परता. उलथन्याने सारण बाजूला सारल्यावर कढईचा तळ कोरडा दिसला पाहिजे. पहिल्या वर्षी माझी तेवढी घाई झाली आणि एकवीसपैकी नऊ मोदक पात्रातच बसले. डाळीबद्दलही एक सांगते. दुकानात नुसतं "डोल" म्हणाल तर पिवळ्या वाटाण्याची डाळ पुढे येऊ शकते. इथल्या डोल-पुरीसाठी ती चालते, आपल्या पुरणासाठी नाही. पाकीट हातात घेऊन डाळ बघा आणि मगच पैसे द्या.

मखर तर मुळीच आणू नका. प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१६पासून बंदी आहे आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर २०२१पासून. आमचं थर्माकोलचं मखर शेजारच्या आजींनी पाहिलं, बोटाने दाबलं आणि म्हणाल्या, "पा बिझें." इथल्या क्रेओल बोलीत याचा अर्थ "लागत नाही". नंतर स्वतःच्या परसातून केळीचे दोन खुंट पाठवून दिले.

या आजींबद्दल थोडं लिहायला हवं, कारण यादीतल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या "पा बिझें"नेच गळल्या. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी रत्नागिरीकडून बोटीने इथे आलं. कोण, कुठल्या गावचं, ते आता घरात कुणाला सांगता येत नाही. उसाच्या मळ्यांवर करारावर राबायला भारतातून माणसं आणायला १८३४मध्ये सुरुवात झाली, आणि त्यात कोकणातली, देशावरची मराठी माणसंही होती. बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६मध्ये हेन्रिएटा गावात झाला असं सांगतात. म्हणजे आम्ही बॅगेत भरून आणत होतो ते इथे सव्वाशे वर्षांपूर्वीच पोचलेलं होतं. आजी आपसात क्रेओल बोलतात, माझ्याशी तुटक मराठी. आरत्या मात्र अख्ख्या पाठ. त्यांच्या वहीत त्या रोमन अक्षरांत, फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगने लिहिल्या आहेत. मी वाचायला गेले तर अडखळते, त्या वहीकडे न बघता म्हणतात. त्यांच्याकडे रात्री जाखडी, म्हणजे कोकणातला फेराचा नाच, होते. मी पुण्याची, जाखडी पहिल्यांदा पाहिली ती मॉरिशसमध्ये. तेव्हा येताना आरतीसंग्रहाच्या दोन-तीन प्रती मात्र आणा, स्वतःसाठी एक आणि बाकीच्या द्यायला.

मूर्ती इथेच घ्या, शाडूची किंवा मातीची, आणि लहान. लहान का, ते विसर्जनाला कळतं. बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाच्या भिंतीचं कडं आहे, त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी तळ्यासारखं शांत आणि उथळ असतं. आम्ही फ्लिकांफ्लाकला गेलो तेव्हा पन्नास पावलं चालूनही पाणी कमरेच्या वर येईना. प्लॅस्टरची मूर्ती त्या पाण्यात दिवसेंदिवस पडून राहते, आणि ते दृश्य दुसऱ्या दिवशी मुलांना दाखवण्यासारखं नसतं. तळाला समुद्री साळिंदरासारखे काट्यांचे गोळे असतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही. म्हणून मूर्ती घेऊन पाण्यात उतरणाऱ्याच्या पायात जाड तळाचे रबरी बूट हवेत. अनवाणी उतरायचा हट्ट नवऱ्याने पहिल्या वर्षी केला आणि दुसऱ्या वर्षी केला नाही. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे इथला हिवाळा सरता सरता. संध्याकाळी आग्नेयेकडचा वारा सुटतो आणि भिजलेली मुलं कुडकुडतात. गाडीत टॉवेल, कोरडे कपडे आणि थर्मासमध्ये चहा ठेवा. खिरापतीचा डबा मोठा घ्या, किनाऱ्यावर शेजारचं कुटुंब ओळख नसतानाही हात पुढे करतं आणि त्यांचाही डबा पुढे येतो.

दसऱ्याला फारसं काही लागत नाही. आपटा मिळाला नाही, कांचनाच्या पानांवर भागवलं.

दिवाळीची तयारी तीन आठवडे आधी डब्यांपासून सुरू करा. खाण्याच्या नव्हे, वाटण्याच्या. इथे दिवाळीला घरोघरी खोकी जातात, आणि ती हिंदू शेजाऱ्यांपुरती नसतात. आमच्या गल्लीत मुस्लिम, चिनी आणि आफ्रिकी वंशाची क्रेओल मिळून अकरा घरं आहेत, आणि अकराही घरांना आपली वाट पाहायची सवय आहे. कागदी खोकी आधीच आणून ठेवा, आदल्या आठवड्यात मिळत नाहीत. बदल्यात जे येतं त्यात गातो पातात असतेच असते. रताळ्याच्या पारीत खोबरं-साखर-वेलची भरून, अर्धचंद्रासारखी मुडपून तळलेली. पहिल्यांदा खोकं उघडलं तेव्हा धाकटी म्हणाली, "आई, यांनी करंज्या पाठवल्यात." मी चूक सुधारायला गेले आणि मग राहू दिली.

फराळात चिवडा आणि शेव सुखरूप निघतात. चकलीचं मात्र अवघड आहे. पठारावर, विशेषतः वाक्वा-क्युरपीपकडे, हवा इतकी दमट की सकाळची चकली संध्याकाळी मान टाकते. तळून पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, डबा काचेचा किंवा घट्ट झाकणाचा घ्या, आणि शक्यतो आदल्या दिवशीच तळा. आठवडाभर आधी करून ठेवायची ऐट पुण्यात ठेवून या. भाजी-फळांचा कात्र बोर्नचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, गुरुवारी आणि रविवारी तिथेच कापडचोपड असतं. मुलांचे कपडे तिथून घेतले तर भारतातून येणाऱ्या पार्सलची वाट बघत बसावं लागत नाही.

दिव्यांच्या माळा आणत असाल तर प्लग बघून घ्या. इथल्या भिंतीत बहुतेक ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी भोकं असतात, आपली गोल पिन त्यात जात नाही. अ‍ॅडॉप्टर दोन जास्तच आणा. पणत्यांना वाऱ्याचा त्रास होतो, म्हणून व्हरांड्याच्या आतल्या कठड्यावर मांडा किंवा काचेच्या पेल्यात ठेवा. कंदील कापडी, घडीचा घ्या, आणि दोरीला गाठ मारण्याऐवजी आकडा लावा. तो आकडा का, ते पुढे येतंच. लक्ष्मीपूजनाची वेळ पुण्याच्या पंचांगावरून घेऊ नका. इथलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे आणि प्रदोषकाळ इथल्या सूर्यास्तावरून धरायचा. ऑक्टोबरअखेर इथे सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, तेव्हा पुण्यात पूजा उरकून ताटं वाढलेली असतात. व्हिडिओ कॉलवर एकत्र पूजा करायची हौस आम्ही दोन वर्षं केली. आता ते त्यांची करतात, आम्ही आमची, आणि बोलणं दुसऱ्या दिवशी. पूजा आटोपली की मुलांना गाडीत घालून त्रिओलेकडे रोषणाई बघायला न्या. तासभर गाडी हलत नाही, तेव्हा खाणं बरोबर ठेवा.

दिवाळीच्या आगेमागेच २ नोव्हेंबरची सुट्टी येते, करारी मजुरांच्या आगमनाची. त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, जिथे ते मजूर बोटीतून उतरले, एकदा जाऊन या. बंदरावरून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. मुलं भराभर मोजून मोकळी होतात. आजींना आम्ही बरोबर चला म्हटलं होतं, त्या म्हणाल्या, गुडघे दुखतात.

नोव्हेंबर लागला की फराळाचे रिकामे डबे धुऊन तेच वादळाच्या सामानाला वापरायचे. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून मेपर्यंत. उरलेल्या मेणबत्त्या, काडेपेट्या, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, पिण्याचं पाणी, न शिजवता खाता येईल असं काही, औषधं, पासपोर्ट प्लास्टिकच्या फाइलमध्ये. इशारे एक ते चार क्रमांकाचे असतात. चार म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत नोंदले गेलेत, मग इशारा उठेपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दोन लागला की अंगणातलं सुटं सगळं आत घ्यायचं : कुंड्या, खुर्च्या, तुळशीचं लहान वृंदावन, आणि हौसेने नाताळपर्यंत ठेवलेला कंदील. आकडा असला की एका हाताने निघतो. आमचा गाठीचा होता. तो दोन घरं पलीकडे सापडला, म्हणजे त्याच्या काड्या सापडल्या.

डिसेंबरची यादी पैशांपासून. घरकामाला कुणी येत असेल तर तेराव्या पगाराची तजवीज करा. डिसेंबरात मिळणारा हा बोनस इथे कायद्याने द्यायचा असतो, मेहेरबानी म्हणून नाही. आपल्याकडच्या दिवाळीच्या पाकिटासारखं समजून पाचशे रुपये पुढे करू नका, मी केले होते. तिने घेतले, आभार मानले, आणि मग शांतपणे उरलेली रक्कम सांगितली.

नाताळच्या भेटवस्तूंची फार धास्ती घेऊ नका. लिचीचा मोठा घोस नेला तरी घर खूश होतं, त्यासाठी लिचीवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवायचं. झाडांना जाळी बांधतात, नाही तर वटवाघळं आधी न्याहारी करतात. याच दिवसांत आंबे येतात आणि गुलमोहर लाल होतो. डिसेंबरात गुलमोहर पाहिला की मला दर वर्षी मे महिन्यातल्या परीक्षा संपल्यासारखं वाटतं आणि काहीतरी चुकलंय असंही. आईला आंब्याचा फोटो पाठवू नका. ती चव विचारते आणि उत्तर देता येत नाही.

३१ तारखेला मध्यरात्री फटाके वाजतात, आपल्या दिवाळीला लाजवतील इतके. घरात कुत्रं किंवा तान्हं बाळ असेल तर खिडक्या आधीच लावून घ्या. १ आणि २ जानेवारी, दोन्ही दिवस सुट्टी. दूध, ब्रेड, गॅस ३० तारखेलाच भरून ठेवा, ३१ला पोर्ट लुईत तर पाय ठेवायला जागा नसते. १ तारखेला सकाळी "बोन आने", म्हणजे नवीन वर्षाच्या शुभेच्छा, म्हणत शेजारी येतात, त्यांच्यासाठी काहीतरी गोड तयार हवं. आमच्याकडे तोवर फक्त शंकरपाळे उरलेले असतात, ते चालतात.

आणि २ जानेवारीला, सगळे झोपलेले असताना, नव्या वर्षाच्या सरकारी सुट्ट्यांचा कागद फ्रिजवर लावा. गणेश चतुर्थी शोधा, तिच्या आदल्या दिवसाभोवती लाल पेनाने गोल करा, आणि रजेचा अर्ज लिहून ठेवा.