खानापूरच्या डोंगरपट्ट्यात हिवाळ्यात छोटे विमान बेपत्ता झाल्यास काय करावे

बेळगावचा सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, आणि कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात हेच पठार एकदम कोकणात उतरते. येथे बर्फ पडत नसला तरी पहाटेचे धुके, दाट जंगल आणि लवकर मावळणारा दिवस यांमुळे हिवाळ्यातील शोधकार्य अवघड होते.

वैमानिकाने मार्ग, वाटेतील ठिकाणे आणि पोहोचण्याची वेळ आधी कळवून ठेवावी. अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत विमान पोहोचले नाही किंवा संपर्क झाला नाही, की नियमानुसार ‘अनिश्चिततेची अवस्था’ सुरू होते आणि विचारपूस चालू होते. ‘जरा घाट बघून येऊ’ म्हणून न कळवता मार्ग बदलला, तर सगळी यंत्रणा चुकीच्या डोंगरावर कामाला लागते. कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) असलेल्या इंजिनात बर्फ धरायला हिमालय लागत नाही. बाहेर २० अंश सेल्सिअस असतानाही दमट हवेत तो धरू शकतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरू लागल्यास कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढावी, आणि वितळलेल्या पाण्याने इंजिन क्षणभर खडखडले तरी घाबरून ती परत आत ढकलू नये.

विमानातील ईएलटी हे संकेतयंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला इशारा देते आणि भारतात तो बेंगळुरूच्या इस्ट्रॅक या इस्रोच्या संस्थेतील केंद्रात पोहोचतो. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचे संकेत उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून टिपत नाहीत. शिवाय आघाताने अँटेनाची तार तुटली तर नवे यंत्रही मुके होते, म्हणून केवळ त्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. वायुदलाचे एएन-३२ विमान ३ जून २०१९ रोजी अरुणाचल प्रदेशात बेपत्ता झाले, तेव्हा मोठी शोधमोहीम राबवूनही त्याचे अवशेष ११ जूनलाच दिसले.

म्हणूनच प्रत्यक्ष पाहणाऱ्याची माहिती मोलाची असते. विमान खाली जाताना दिसले, तर धावत सुटण्याआधी उभे असलेल्या जागी दगडांची खूण करावी, ते ज्या झाडाच्या शेंड्याआड किंवा ज्या खिंडीत दिसेनासे झाले ती जागा नजरेत धरावी आणि मोबाईलच्या होकायंत्रावर तिची दिशा अंशांत वाचून वेळेसह लिहून ठेवावी. दुसऱ्या वाडीतील कोणी अशीच दिशा दिली, की दोन्ही रेषा नकाशावर जिथे छेदतात तेथून शोध सुरू करता येतो. डोंगरात आवाज फसवतो, त्यामुळे पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे सांगावे. गवळीवाड्यावरील गुराख्यांना रान पायाखालचे असते. त्यांना सर्वांत आधी विचारावे, जे सहसा होत नाही.

यानंतर ११२ ला फोन करावा. सीमेवर मोबाईल गोव्याचा किंवा महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि फोन त्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो, म्हणून सुरुवातीलाच ‘कर्नाटक, जिल्हा बेळगाव, तालुका खानापूर’ असे सांगून मग गावाचे नाव द्यावे. भीमगडच्या जंगलात रेंज नसल्यास एकाने टेकाडावर जावे आणि वनरक्षकालाही निरोप धाडावा.

वाचलेल्यांनी शक्यतो विमानाजवळच थांबावे, कारण वरून माणसापेक्षा विमान लवकर दिसते. मोकळ्या जागी निदान अडीच मीटर लांबीची इंग्रजी ‘व्ही’ची खूण म्हणजे मदत हवी, ‘एक्स’ म्हणजे वैद्यकीय मदत हवी. धुरासाठी शेकोटी पेटवायची तर ती इंधनगळतीपासून दूर, भोवतालचे वाळलेले गवत साफ करूनच पेटवावी, नाहीतर वणवा लागायला वेळ लागणार नाही.

मदतीला पोहोचलेल्यांनी विडी-सिगारेट लांब ठेवावी, प्रोपेलरच्या बाजूने जाऊ नये आणि आगीचा धोका नसेल तर जखमींना न हलवता पांघरूण घालून उबेत ठेवावे. ड्रोन उडवल्यास हेलिकॉप्टरला धोका होतो. जखमींना बाहेर काढण्यापुरता हात लावावा; बाकी तुकडे जिथल्या तिथे राहू द्यावेत, कारण अपघाताचे कारण शोधणाऱ्यांना ते कुठे आणि कसे पडले हेही पाहावे लागते.