पोराच्या बॅगेत कोयता सापडला तर काय करायचं

सिडको, सातपूर, पंचवटी, नाशकात कुठंही राहत असाल आणि घरात नववी-दहावीतलं पोरगं असेल तर हे वाचाच, कारण "अजून अठराचा नाहीये, त्याला काय होतंय" ह्या भरवशावर बरेच आईबाप बसलेत.

आधी मोजपट्टी घ्या. पातं 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद असेल आणि ते घरकामाचं, शेतीचं, कारखान्यातलं नसेल तर ते 1959 च्या शस्त्र कायद्यात बसतं, पेपरात "4/25 खाली गुन्हा" येतं ना ते हेच. आमचा कोयता उसाचा आहे म्हणाल, तर मळ्यात ठीक, पण रात्री कमरेला खोचून बाइकवर फिरताना ऊस कुणाला दाखवणार? त्यात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश काढतात, तो लागू असताना इंच मोजायचा प्रश्नच नाही, शस्त्र घेऊन फिरणंच बंद. तलवारीने बड्डेचा केक कापून रील टाकली की पुरावा तुम्हीच दिला. पिस्तूल तर 21 वर्षांखाली बाळगताच येत नाही, रेंजवरचं नेमबाजीचं ट्रेनिंग वेगळं.

सापडलं तर मारू नका, ओरडू नका, एकच विचारा, कुणी दिलं? माझ्या मते सगळं इथंच आहे. मोठी पोरं बारक्यांकडे हत्यारं ठेवायला देतात, कारण अंगावर आलं तर बारक्याच्या येईल. पण 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 83 बघा, बेकायदा कामाला लहान मुलं वापरणाऱ्या मोठ्या माणसाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख दंड आहे, म्हणजे तुमचा पोरगा खरं बोलला तर कायदा त्याच्या बाजूनेही उभा राहतो, हे त्याला शांतपणे समजावून सांगा.

वस्तू गोदावरीत फेकायची नाही, पुरावा नष्ट केल्याचं वेगळंच अंगावर येईल. वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात जा. पैसे नसतील तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलांना वकील फुकट मिळतो.

पोलिसांनी आधीच उचललं असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, नाव-फोटोही छापता येत नाही. मात्र 16 च्या पुढचा असेल आणि खुनासारखा गुन्हा असेल तर मंडळ तपासणी करून मोठ्यांसारखा खटला चालवायला पाठवू शकतं. जाताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला आणि महापालिकेचा जन्मदाखला दोन्ही घ्या, वय आधी त्यावरूनच बघतात.